कोटाच्या खिशातला पूर्वार्ध

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं नव्हतं असं नाही, रोज द्यायचं होतं. सकाळी चहा घेताना पहिलं वाक्य सुचायचं, दाढी करेपर्यंत ते बरंही वाटायचं. कागदावर उतरलं की मात्र ते कुणा दुसऱ्याच, बऱ्यापैकी मूर्ख माणसाने लिहिल्यासारखं दिसायचं. मग त्या कागदाची घडी एखाद्या पुस्तकात जाऊन पडायची. आमच्या घरातली पुस्तकं अशा घड्यांनी फुगली आहेत.

"अहो, पत्र लिहिताय की राज्यघटना?" बायको विचारायची.

पत्र असं होतं :

"सप्रेम नमस्कार. आपण मला ओळखत नाही. तुमच्या शेडमधून येणारे कंटेनर मी इथे उघडतो आणि त्यात टांगलेले कपडे उतरवून घेतो. या खेपेला एक कोट जास्तीचा आला. बाकीचे कोट नवेकोरे, हा एकटा कोपरांवर झिजलेला. आतल्या खिशात पास सापडला, त्यावरून तुमचं नाव आणि शेडचा पत्ता कळला. साहेबांना दाखवला, ते म्हणाले, जुनं आहे, ठेव तुझ्याकडे. इथे थंडी फार आणि कोट मला बसतो, म्हणून वापरतो आहे, रागावू नये. दुसऱ्या खिशात पुस्तक होतं. आपल्या भाषेतलं पुस्तक कित्येक वर्षांनी हातात आलं. वाचलं, परत वाचलं. समासात तुम्ही पेन्सिलीने लिहिलेलंही वाचलं. त्यातलं सगळं काही मला पटलेलं नाही. पण पुस्तकावर 'पूर्वार्ध' असं छापलं आहे. ती बाई शिलाई मशीन घेऊन नदीकाठी उभी आहे, लांबून होडी येताना दिसते आहे, आणि तिथेच पुस्तक संपतं! माणसाचा असा जीव टांगणीला लावतात का? कृपा करून उत्तरार्ध पाठवावा. हंगाम संपला की मी हे काम सोडून मुलाकडे राहायला जाईन, मग हा पत्ता उपयोगाचा नाही. त्याआधी आलं तर बरं. कळावे."

आता हा कोट समुद्रापार कसा गेला, ते सांगायला हवं. त्यात माझी शोभा होणार आहे, पण इलाज नाही.

मी आयुष्यभर एका वाचनालयात होतो. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या पायात पायात येऊ लागलो, तेव्हा माझ्या भाचीने मला तिच्या शेडमध्ये नेलं. "मामा, काम सोपं आहे. फक्त अंधारात उभं राहायचं." मला वाटलं, चेष्टा करतेय. पण काम खरंच ते होतं.

भाचीच्या शेडमध्ये कंटेनरात कपडे टांगून पाठवतात. खोक्यात घड्या घालून पाठवलेला कोट पोचेपर्यंत चुरगळतो. टांगलेला कोट तिकडे उतरला की सरळ दुकानात उभा राहतो, इस्त्रीसुद्धा लागत नाही. त्यासाठी कंटेनरच्या छताखाली आडवे लोखंडी दांडे बसवतात, दांड्यांवरून दोर सोडतात आणि दोराला वरपासून खालपर्यंत गाठी मारतात. प्रत्येक गाठीच्या फासात एकेका हँगरचा आकडा. प्लास्टिकच्या पिशव्या घातलेले कोट असे दाटीवाटीने, पण एकमेकांना न चेंगरता, उभ्यानेच समुद्र ओलांडतात.

गाठी मारायच्या मावशींनी. त्यांना सगळे गाठमावशीच म्हणायचे. दोर कोरा असताना गाठ कुठे मारली म्हणजे कोटांच्या वजनाने ताणल्यावरही खालचा कोट जमिनीला टेकणार नाही, हे त्या डोळ्यांनी ठरवायच्या. वरचे दांडे बसवायला एक उंच माणूस होता. त्याला शिडी लागत नसे, म्हणून त्याचंच नाव शिडी पडलं होतं.

आणि माझं काम सगळ्यांच्या आधी. कंटेनर धुऊन आला की मी आत जायचं आणि बाहेरून दार लावून घ्यायचं. आत काळाकुट्ट अंधार. छताला, भिंतीला कुठे बारीकसं भोक असेल, तर तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येणार. मी खडूने तिथे खूण करायची आणि दार ठोकायचं. मला हे काम फार आवडायचं. अंधारात माणसाला आपल्या चेहऱ्याची काळजी नसते.

त्या दिवशी सकाळी गारठा होता म्हणून मी कोट घालून गेलो होतो. तपासणी झाली, दार उघडलं, दांडे बसले, दोर सुटले. आत हवा कोंडलेली, त्यात मी तळाला कागद अंथरायला मदत करत होतो. घाम फुटला. कोट काढला. ठेवायचा कुठे? समोर दोराला रिकामं हँगर लटकत होतं. इतकी सोयीची जागा मला जन्मात मिळाली नव्हती. लावला. आणि कागदाचा गुंडाळा आणायला बाहेर गेलो.

त्या खेपेला तपकिरी कोटच जात होते, आणि माझाही तपकिरीच. मावशींनी माझ्या कोटावर पिशवी चढवली आणि वर म्हणाल्या म्हणे, "हा एक जरा मऊ लागतोय."

कंटेनर फाटकाबाहेर पडल्यावर मला थंडी वाजली. तेव्हा कळलं.

शेडमध्ये पुढे कितीतरी दिवस हसणं थांबलं नाही. भाचीने नवा नियम केला. दार बंद करण्याआधी ती ओरडायची, "आपापले कपडे अंगावर आहेत का?" आणि सगळ्यांनी अंग चाचपून "आहेत!" म्हणायचं. त्याला मामांचा नियम म्हणत. मी सगळ्यांचाच मामा होतो.

पत्र आलं तेव्हा आनंद झाला, हे कबूल करतो. पण लगेच तोंडचं पाणी पळालं. कारण उत्तरार्ध नाहीच. वाचनालयात असताना मी त्याचा किती शोध घेतला होता! लेखकाने पूर्वार्ध लिहिला, छापला आणि पुढचं न लिहिताच तो गेला. परक्या मुलखात, माझा कोट घालून, कुणीतरी त्या उत्तरार्धाची वाट बघत होतं आणि त्याला 'नाही' कळवायचं काम माझ्याकडे आलं होतं. 'नाही' हा शब्द मला तोंडी जमत नाही, लेखी कसा जमावा? दुसरं एखादं पुस्तक पाठवावं म्हटलं, तर तहानलेल्याला टोपी दिल्यासारखं वाटायचं.

असं करता करता हंगामातला शेवटचा कंटेनर फाटकात येऊन उभा राहिला.

"मामा, पलीकडच्यांना उत्तर दिलंत?" भाचीने विचारलं.

"लिहितोय."

"मामी म्हणाली, तुम्ही अजून 'सप्रेम नमस्कार'वरच आहात."

"त्याच्या पुढचं घोडं अडलंय," मी म्हटलं.

गाठमावशी दोर उलगडत होत्या. "ते बिचारे रोज टपालवाल्याकडे बघत असतील. आणि आता ते निघून जाणार. मग बसा पत्र घेऊन." मग भाचीकडे वळून म्हणाल्या, "आज मी पण आत जाते गं. इतकी वर्षं झाली, यांचा अंधार एकदाही बघितला नाही."

"मग मी पण," शिडी म्हणाला.

"तू कशाला? तुला अंधारात वाकायचं कळायचं नाही, छताला पोचा आणशील."

तरी तिघे आत गेलो. दार लागलं. शिडीचं डोकं कुठेतरी आपटल्याचा आवाज आला आणि मावशी म्हणाल्या, "बघ, सांगितलं होतं."

ठिपका कुठेच नव्हता. कंटेनर चांगला होता. मी दार ठोकलं. पण बाहेर भाचीची ट्रकवाल्याशी जुंपली होती. त्याने गाडी वाकडी लावली होती आणि ती सरळ असल्याचं तो शपथेवर सांगत होता. भाची एकदा भांडायला लागली की तिला जगाचं भान राहत नाही.

"बसा आता," मावशी म्हणाल्या. "मामा, त्या पुस्तकात असं आहे तरी काय?"

उजेडात मी म्हटलं असतं, विशेष काही नाही. अंधारात सांगायला लागलो. एक बाई असते. तिची एक शिलाई मशीन असते, आईने दिलेली. भावांना ती विकायची असते. एका पहाटे बाई मशीन उचलते आणि निघते. रस्ते, गावं, लोक. कुणी आसरा देतं, कुणी दार लावून घेतं. शेवटी ती नदीवर पोचते. पलीकडे शहर आहे, काम आहे. काठावर माणूस नाही. मागे धूळ उडतेय, म्हणजे भाऊ येताहेत. आणि समोरून होडी येतेय.

"होडीत कोण आहे?" शिडीने विचारलं.

"तेच तर लिहिलेलं नाही. मी समासात लिहिलं होतं, मोठा भाऊ असणार, आधीच पलीकडे जाऊन वळून आलेला. पत्र लिहिणाऱ्याला ते पटलेलं दिसत नाही."

"मलाही पटत नाही," शिडी म्हणाला. "भाऊ मागून येताहेत ना? मग पुढून कसे येतील? होडीत कुणीच नाही."

"कुणी नाही तर होडी चालेल कशी?"

मावशी पटकन म्हणाल्या, "चालेल की. पलीकडे कुणीतरी नीट गाठ मारली नसेल. दोर सुटला, होडी वाहत आली. सैल गाठीचं असंच असतं, कधी कुणाचं नुकसान करते, कधी कुणाचं भलं."

एवढी वर्षं मी त्या होडीत माणसं बसवत आणि उतरवत होतो. ती रिकामी असेल, हे मला सुचलं नव्हतं. आणि ती रिकामी आहे म्हटल्यावर पुढचं मला दिसायलाच लागलं. बाईला वल्हवता येत नाही. ती आधी मशीन होडीत ठेवते, होडी कलते. मशीन मधोमध सरकवते, मग स्वतः चढते. भाऊ काठाशी पोचतात. धाकटा पाण्यात उतरतो. ती वल्हं उलटं धरते, होडी गोल फिरते...

मी बोलत होतो. माझा आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता आणि तो मला कुणा धीट माणसाचा वाटत होता. शिडी "मग?" म्हणत होता. मावशी मधेच "मशीन भिजली का हो?" विचारत होत्या. धाकटा भाऊ छातीभर पाण्यात, हात पुढे, होडीच्या काठाला बोटं लागलेली...

खाडकन दार उघडलं. लख्ख उजेड. दारात भाची उभी. "अगं बाई, विसरलेच मी तुम्हाला! त्या ट्रकवाल्याने डोकं..."

"लाव गं ते दार!" मावशी कडाडल्या. "बाई अजून नदीत आहे!"

भाचीने घाबरून दार लावलं.

मग मी बाईला पलीकडे नेलं. तिथे काय झालं ते इथे लिहीत नाही, ते ज्याने मागितलं त्याचं आहे. एवढंच सांगतो, मशीन भिजली नाही. मावशींनी भिजूच दिली नाही.

बाहेर आलो तेव्हा डोळे दिपले आणि मला नेहमीप्रमाणे लाज वाटली. शिडी कपाळावरचं टेंगूळ चोळत म्हणाला, "मामा, एवढं येतं तर लिहीत का नाही?"

"मला कुठलं लिहिता येतंय."

"लिहू नका," मावशी म्हणाल्या. "आत्ता बोललात तसं बोला, फक्त हातात पेन धरा."

त्या रविवारी मी खोलीची खिडकी लावली, पडदे ओढले आणि दिसेल एवढाच दिवा ठेवला. बायकोने डोकावून पाहिलं, कपाळाला हात लावला आणि चहा ठेवून गेली. मी पत्रात खरं ते लिहिलं. उत्तरार्ध लेखकाने लिहिलाच नाही, याची मलाही फार वर्षं रुखरुख आहे. सोबतची पानं आमची आहेत. होडी रिकामी असणं शिडीचं, गाठ मावशींची, आणि बाकीच्या चुका माझ्या. पटलं नाही तर समास मोठा सोडला आहे, पेन्सिल घ्या. मुलाचा पत्ता कळवा. कोट तुम्हालाच राहू द्या, फक्त कोपरांना ठिगळ लावून घ्या.

लिहून झाल्यावर वाचलं आणि पानांची घडी घालायला सुरुवात केली. बायकोने घडी हातातून काढून पाकिटात घातली. "चला. मी येते बरोबर."

"उद्या जाऊ. रविवारी पोस्ट बंद."

"म्हणजे उद्यापर्यंत हे पाकीट माझ्याकडे."

तिने ते उशाखाली घेऊन झोप काढली.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी वजन केलं, तिकिटं लावली, शिक्के मारले. "बाहेरच्या पेटीत टाका."

पेटीची फट अरुंद, पाकीट जाड. अर्धं आत गेलं आणि अडकलं. मला वाटलं, हा संकेतच आहे. शेवटच्या पानावर एक वाक्य मला खटकत होतंच. मी पाकीट हळूच मागे ओढू लागलो.

"काय करताय?"

"नाही, एक वाक्य जरा..."

"हात काढा."

मी हात काढला. बायकोने तळव्याने एकच फटका मारला. पाकीट आत पडल्याचा आवाज आला, चांगला भरीव. मग तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझी बाही चाचपली.

"आपले कपडे अंगावर आहेत का?"

"आहेत," मी म्हटलं, आणि आम्ही घरी निघालो.