बास म्हणणारा पहिला माणूस

आमच्या रक्तपेढीचे प्रमुख म्हणजे चिक्कूकाका. खरं नाव वेगळं असणार, पण ते विचारण्याइतकं गोडीत कोणी त्यांच्याशी बोललेलं नाही. चार पिशव्या मागाव्यात तर दोन मिळत, त्याही पोटच्या लेकीची पाठवणी केल्यासारखं तोंड करून. म्हणून आम्ही डॉक्टर लोक दुप्पट मागायचो. त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून ते निम्मं द्यायचे. असा सुखाचा संसार चालला होता.

एके दिवशी बाळंतपणानंतर एका शिक्षिकेचा रक्तस्राव थांबेना. बाळ ठणठणीत, गळा काढून रडतंय, आई पांढरीफटक. भूल देणाऱ्या मॅडम मला म्हणाल्या, "फोन लाव. भांडायच्या तयारीनं लाव."

"काका, तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स, प्रत्येकी सहा! बाई जातील हो!"

"पाठवतो."

"काका, बरं नाहीये का तुम्हाला?"

"नवा नियम आलाय. रक्त धो धो जात असेल तर तिन्ही सारखं द्यायचं, हुज्जत न घालता. तुम्ही बास म्हणेपर्यंत पिशव्यांचे डबे येत राहणार. नियम म्हणजे नियम."

आणि डबे आले! प्लेटलेट्सना थंडी सोसत नाही, म्हणून त्या जावयासारख्या वेगळ्या आल्या. गार पिशव्या गरम करायच्या यंत्रातून भराभर आत चालल्या, इतकं रक्त चढवलं की अंगातलं कॅल्शियम घटतं, म्हणून मॅडम मधूनमधून ते देत होत्या, सर्जनबाई टाके घालत होत्या. दुसरा डबा. तिसरा. मग सर्जनबाईंनी मान वर केली. "थांबलं."

मी फोन लावला. "काका, बास."

"कोण बोलतंय?"

"मीच."

"खोटं. माझ्या अख्ख्या नोकरीत कोणी बास म्हटलेलं नाही."

फोन आपटून काका चौथा डबा घेऊन स्वतःच हजर. ऑपरेशन थिएटरच्या दारातूनच त्यांनी वाहिलेलं रक्त ओढून घेणारी बाटली बराच वेळ न्याहाळली. ती भरत नव्हती.

"खरंच थांबलंय," मॅडम म्हणाल्या. "न्या तुमचा डबा."

"नेतो की. घाई काय आहे?" असं म्हणून काका बाहेर डब्यावरच बसले. पेढीतून बोलावणी आली, ते हलले नाहीत.

बऱ्याच वेळानं बाईंनी डोळे उघडले. "बाळ?"

बाळानं भिंती हादरवून उत्तर दिलं.

काका उठले, डबा काखोटीला मारला आणि माझ्यावर डाफरले, "झाकण कोणी उघडलं नाही ना? नाहीतर तुम्हाला मागाल तेवढं मिळायची सवयच लागेल."