अकरा बोलपट आणि एक जावळ

पाडव्याच्या सकाळी आमच्या ओसरीवर अर्धी गल्ली बसली होती आणि माझे सासरे, कमलाकांतशास्त्री, नव्या सालाचं भविष्य वाचत होते. यंदा राजा शनी, मंत्री बुध, मेघांचा स्वामी कुणी तिसराच. म्हणजे पाऊस बरा, कापूस मध्यम, चोरांचं भय जास्त. चोरांचं भय दरवर्षीच जास्त असतं.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड सात महिन्यांच्या विनूला मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्या हातात माझं पंचांग होतं. माझ्या धाकट्या भावानं, वसंतानं, अकोल्याहून पाठवलेला सिनेमाच्या मासिकाचा खास अंक. त्यातही येत्या सालाचंच भविष्य होतं. 'यंदाचे बोलपट', एकूण अकरा. इथंही कोण राजा, कोण मंत्री, कुणाचं कंपनीशी फाटलं, सगळं दिलेलं. शिवाय चित्रं, जी मामंजींच्या पंचांगात नसतात.

अकरांतले सात देवांचे होते, दोन लढायांचे, आणि एक विनोदी म्हणून छापलेला. फोटोवरून तसा वाटत नव्हता. अकरावा 'पोस्टमास्तरीण'. फोटोत एक बाई टपालाच्या खिडकीमागे शिक्का उगारून बसलेली आणि खिडकीबाहेर पाच पुरुष रांगेत उभे. विनू दूध पिऊन झोपेपर्यंत मी तोच फोटो पाहत होते. नागपूरला बी. ए. झाले तेव्हा मीही अशाच कुठल्यातरी खिडकीमागे बसणार होते. बसले ती पाळण्यामागे. तक्रार नाही. पण बाकीचे दहा बोलपट गेले मसणात, हा एक मला पाहायचाच होता.

अडचण अशी की सासूबाईंचा नियम होता, जावळ काढल्याशिवाय लेकराला गर्दीत न्यायचं नाही. विनू माझ्यावाचून तासभर राहत नाही, म्हणजे मीही गर्दीत जायचं नाही. खरं सांगायचं तर नियम मला पटत होता. गर्दीत डांग्या खोकला असतो, थुंकी असते, दुसऱ्यांची पोरं असतात. विनूच्या वजनाची, दातांची आणि शौचाची मी वही ठेवली आहे. ती चाळून आमचे हे, रविकांत वकील, म्हणाले होते की इतका पुरावा त्यांच्या एकाही अशिलाकडे नाही.

शिवाय अमरावतीत शास्त्रीबुवांची सून थेटरात दिसली, तर दुसऱ्या दिवशी मामंजींना सत्यनारायणाला बोलावताना लोक दोनदा विचार करतील. माहेरची गोष्ट निराळी. अकोल्याच्या जुन्या शहरात मला अजून सगळे 'मास्तरांची चारू' म्हणतात आणि मास्तरांची चारू कुठेही जाते. पण माहेरी जायला निमित्त लागतं. ते एकच होतं, जावळ. आणि ते चातुर्मास लागायच्या आत व्हायला हवं, नाहीतर, मामंजी म्हणाले, एकदम तिसऱ्या वर्षी. तिसऱ्या वर्षापर्यंत 'पोस्टमास्तरीण' कुठल्यातरी गोदामात उंदरांना दाखवत असतील.

म्हणून मी पहिली थाप मारली. आमच्याकडे जावळ मामाच्या मांडीवर, आणि तेही मामाच्याच घरी काढतात. मामंजी म्हणाले, शास्त्राची हरकत नाही. वैशाखातला मुहूर्त निघाला. बोलपट वैशाखातच अकोल्याला लागणार होता. थेटरचा मॅनेजर वसंताचा वर्गमित्र. शनी आणि बुध दोघेही माझ्या बाजूने दिसत होते.

मग वर्तमानपत्रातून कळलं की 'पोस्टमास्तरीण' नागपूर सोडत नाही. तिथे सातवा आठवडा, रोज गर्दी, रिळांच्या पेट्या हलायला तयार नाहीत. आता मुहूर्त पुढे ढकलायचा कसा? माझ्या नावाचं पोस्टकार्ड आलं की मामंजी ते ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचतात, म्हणून वसंतानं थापही मोठ्यानं वाचण्यासारखी लिहिली.

"'पुण्याच्या यमूमावशी जावळास येणार होत्या,'" मामंजी वाचू लागले, "'परंतु त्यांचा नागपुरातील मुक्काम लांबला आहे. तरी मुहूर्त पुढचा धरावा.' ही कोण मावशी? आणि तिच्यावाचून न्हाव्याचा वस्तरा अडतो का?"

सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी विनूकडे पाहत होते. "कापलेले केस आत्या पदरात झेलते ना," मी म्हणाले. "विनूला आत्या नाही. आत्या नसली की आमच्याकडे आईची मावशी झेलते." हा नियम मी तिथल्या तिथे केला. शास्त्री घराण्यात राहून एवढं जमू लागतं.

"लग्नात दिसल्या नव्हत्या त्या," सासूबाई म्हणाल्या.

"रजा नव्हती."

"रजा?"

इथे माझं डोकं चालेना, म्हणून फोटोतलं सांगितलं. "पोस्टात असतात. मोठ्या हुद्द्यावर."

सासूबाई डाळ निवडायच्या थांबल्या. "बाई असून?" मग थोड्या वेळानं, "सौभाग्यवती ना?"

"हो तर. नवरा आफ्रिकेत आहे."

त्या दिवसापासून सासूबाईंनी यमूमावशीचा पिच्छा पुरवला. पोस्टात बसताना डोक्यावर पदर घेतात का? शिपाई त्यांचं ऐकतो का? पगार सासरी देतात की स्वतःपाशी ठेवतात? मी मासिक उघडून उत्तरं देत होते. मासिकात नसलं ते मनचं देत होते. "अशा बायका मला आवडत नाहीत," सासूबाई म्हणायच्या, आणि पुढचा प्रश्न विचारायच्या.

वैशाख गेला. ज्येष्ठात मामंजींनी साफ नकार दिला. पहिल्या लेकराचं ज्येष्ठात काही करत नाहीत. विनूचे केस मानेपर्यंत आले. विनूला तेल लावायला येणारी पार्वताबाई रोज ते विंचरून दाखवायची.

"पोरगं बुवासारखं दिसून राहिलं, बाई. कवा काढता?"

"मावशी आल्या की."

"लय हिंडते वो तुमची मावशी. नागपुरातून निंगतच नाही. कोण आहे तिचं तिथं?"

"पार्वताबाई, त्याच्या कानात तेल जातंय."

"माह्या प्रश्नाचं तेल तुमच्या कानात जाऊन नाही राहिलं, त्याचं काय?"

शेवटचा मुहूर्त आषाढ शुद्ध पंचमीचा. त्यानंतर तिसरं वर्ष. मी वहीत वजनाच्या शेजारी दिवस मोजू लागले. मुहूर्ताला पाच दिवस उरले आणि कार्ड आलं. "'मावशी अकोल्यास पोचल्या. फक्त आठवडाभर आहेत.'" मामंजींनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. तेवढ्यात सासूबाई आतून खण, नारळ आणि एक कोरं इरकली लुगडं घेऊन आल्या.

"मी येते बरोबर," त्या म्हणाल्या. "एवढी बाई विनूचे केस झेलायला रजा काढून आली. तिची ओटी भरायला नको?"

बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला पोचेपर्यंत मी सहा वेळा विनूचं कपाळ पाहिलं आणि सासूबाईंनी सहा वेळा लुगड्याची घडी पाहिली. सकाळी जावळ झालं. विनू मामाच्या मांडीवर बसून न्हाव्याला चावला. केस झेलायच्या वेळी वसंत म्हणाला की मावशींचं पोट बिघडलं आहे, म्हणून केस माझ्या आईनं झेलले. आईला सगळं ठाऊक होतं. तिनं मान वर केली नाही.

जेवणं झाली. विनूच्या डोक्याला चंदन लावलं. खेळ तीनचा होता, त्याच दिवशीचा. उद्या आम्हाला परत निघायचं होतं. सासूबाई झोपल्या की मागच्या दारानं निघायचं, असं ठरलेलं. पण सासूबाई ताट वाढून ठेवावं तसं खण, नारळ, लुगडं समोर मांडून बसल्या.

"वसंतराव, मावशी आजारी असतील तर मीच जाते त्यांच्याकडे. बिऱ्हाड कुठे आहे?"

"दही संपलंय वाटतं," वसंत म्हणाला आणि गेला. शाळामास्तर आहे. पोरांना सत्याचे धडे देतो.

अडीच वाजत आले होते. मी म्हणू शकत होते की मावशी परत नागपूरला गेल्या. सासूबाई झोपल्या असत्या आणि मी गेले असते. पण त्या लुगड्याची किनार त्यांनी स्वतःच्या पेटीतून काढून लावलेली होती, हे मला गाडीतच दिसलं होतं.

"सासूबाई, मावशी नाही," मी म्हणाले. "बोलपट आहे."

मग सगळं सांगितलं. पाडवा, मासिक, नागपूरचे आठवडे, आफ्रिका. सासूबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा वाचता येत नाही. तीस वर्षं शास्त्र्याच्या घरात काढली की तो तसा होतो.

"म्हणजे यांनी पंचांग धुंडाळून मुहूर्त काढले ते," त्या सावकाश म्हणाल्या, "पेट्या येतात कधी ते पाहून?"

"हो."

"आणि माझ्या नातवाचे केस तीन महिने वाढले, ते नागपूरच्या लोकांना पुरेसं झालं नाही म्हणून?"

"हो."

नदीपलीकडून बँड ऐकू आला. तीनच्या खेळाची जाहिरात करत बैलगाडी फिरत होती.

"त्या बोलपटात," सासूबाई म्हणाल्या, "शिपाई तिचं ऐकतो का?"

"ठाऊक नाही. मी अजून पाहिलाच नाही."

त्यांनी खण-लुगडं बोचक्यात बांधलं आणि रिकाम्या हाती जायला नको म्हणून नारळ तेवढा बाहेर ठेवला. "अमरावतीत कोणी विचारलं तर मावशी भेटल्या. इथे मला ओळखतं कोण? टांगा बोलाव."

थेटरात बायकांच्या बाजूला बाकं होती आणि पुरुषांच्या नि आमच्या मध्ये पडदा. मी बाक पुसलं, त्यावर दुपटं घातलं, दुपट्यावर विनू. डावीकडची बाई खोकली म्हणून आम्ही उजवीकडे सरकलो. उजवीकडचं पोर शेंबडं होतं म्हणून परत डावीकडे. "बस आता," सासूबाई म्हणाल्या, "नाहीतर फिरता फिरताच संपेल." दिवे गेले. पोस्टमास्तरीण आली, खिडकी उघडली, आणि ते पाचही पुरुष खरंच रांगेत उभे राहिले. एकानं मध्ये घुसायला पाहिलं तर तिनं शिक्का असा आपटला की सासूबाईंनी माझा हात धरला.

"ऐकतो," त्या म्हणाल्या. "शिपाई ऐकतो."

थोड्या वेळानं त्या कुजबुजल्या, "काय गं, हिचं तर लग्नच व्हायचंय. आफ्रिकेतल्याचं काय झालं?" शेजारणीनं विचारलं, कोण आफ्रिकेत? सासूबाई तिला समजावून सांगू लागल्या की ही आमच्या विहीणबाईंच्या नात्यातली, घराणं चांगलं आहे.

दुसरं रीळ लागलं आणि विनू रडला. थांबेना. पडद्यापलीकडून आरोळी आली, "ओ बाई, पोराले भायेर न्या."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पुढे झुकून पाहत होत्या. "मी नाही उठायची," त्या म्हणाल्या. "तिला इन्स्पेक्टर भेटायला आलाय."

मी विनूला घेऊन बाहेर आले. तीन महिने, दोन थापा, एक आफ्रिका, आणि पदरात दीड रीळ. दाराच्या पडद्याला एका बाजूनं फट होती, पण तिथं काळ्या लुगड्यातली एक शेतकरीण आपलं पोर कडेवर घेऊन आधीच डोळा लावून उभी होती. माझ्या कडेवर विनू, तिच्या कडेवर तिचं, दोघं एका सुरात.

"असं नाही होत वो," ती वळून म्हणाली. "एकीनं दोन्ही धरा, एकीनं पाहा. रीळ बदललं का पाळी बदलली. आना इकडे."

तिनं हात पुढे केला. मी तिच्या पोराचं नाक पाहिलं, डोळे पाहिले.

"याला खोकला नाही ना?"

"नाही. तुमच्याले?"

आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले, आणि विनूला एका अनोळखी बाईच्या कडेवर दिलं. त्यानं तिचं मंगळसूत्र धरलं आणि गप्प झाला. मी फटीला डोळा लावला. रीळभर एकदाही मागे वळून पाहिलं नाही. हे वहीत लिहायला हवं.

तिचं नाव जमुना. तिनं नंतर ते सांगितलं, तेव्हा तिची पाळी होती आणि दोन्ही पोरं माझ्याकडे. मी पाहिलेलं तिला सांगायची, ती मला. इन्स्पेक्टरनं पोस्टमास्तरणीला बदलीची धमकी दिली, हे माझ्या पाळीत झालं. तिनं काय उत्तर दिलं, ते जमुनाच्या. मग पत्र चोरीला गेलं, माझ्या पाळीत. सापडलं तिच्या. फट अरुंद होती, म्हणून सगळी माणसं उभट आणि सुकलेली दिसत होती, पण दिसत होती.

शेवटचं रीळ लागलं तेव्हा पाळी तिची होती. मी दोन लेकरं दोन खांद्यांवर घेऊन तिच्या पाठीमागे उभी होते. आतून एकदम टाळ्या पडल्या, आणि त्यात सासूबाईंचा आवाज वेगळा ओळखू आला.

"काय झालं?" मी विचारलं. "लग्न केलं का तिनं? नोकरी सोडली का?"

जमुना पडद्याला आणखी चिकटली.

"पाहू द्या वो, बाई," ती म्हणाली. "मंग सांगतो."