गरुडकेतूचं निर्दोष उड्डाण

कमलाकांत वकिलांनी करारात तीन अटी घातल्या होत्या. नायक अडखळणार नाही, नायक वऱ्हाडी बोलणार नाही, आणि नायकाचं पोट दिसणार नाही. मुंबईच्या कार्टूनवाल्या मंडळींनी तिन्ही मान्य केल्या. चित्रातलं पोट कमी करायला रबर पुरतं, म्हणाले.

'वीर गरुडकेतू' हे वकिलांचं अपत्य. १९५२ पासून अमरावतीत त्यांच्या मोहल्ल्याच्या गणपतीत दरवर्षी त्याचा एक नवा पराक्रम रंगायचा. जांभळ्या साटिनचा झगा, डोळ्यांवर पुठ्ठ्याचा मुखवटा, पाठीला पंख, आणि समोर राष्ट्राचा शत्रू. वकिलांनी ते अत्यंत गंभीरपणे लिहिलं होतं. लोक अत्यंत मनापासून हसायचे.

याला कारण शालिकराम. मोहल्ल्यात भाजी घेऊन येणारा हा माळी पोटानं सुटलेला, पण छातीनं रुंद आणि आवाजानं खणखणीत, म्हणून वकिलांनी त्याला नायक केलं. पण "थांब, नराधमा!" एवढं शुद्ध बोलून झालं की त्याला राहवायचं नाही. "थांब ना बे, कुठी पळून राह्यला?" उडायची वेळ आली की विहिरीवरून आणलेल्या कप्पीत त्याची दोरी हमखास अडकायची. मग हा हवेत लोंबकळत पुढच्या रांगेला विचारायचा, "गोदाबाई, सुनेले बरं हाये का आता?" खलनायक पाठीमागून सुरा घेऊन आला की सारा मांडव ओरडायचा, "गरुड्या, मांगं पाय!" तो मागं पाहून सुरा काढून घ्यायचा आणि मांडवाला हात जोडायचा, "लय उपकार झाले, माय!" अकोल्याहून लोक याच्यासाठी पाहुण्यांकडे मुक्कामाला यायचे.

सहाव्या वर्षी वकिलांनी त्याला काढून टाकलं. "लोक हसतात तुला, शालिकराम. माझ्या नायकाचा पार विदूषक केलास." शालिकरामनं मुखवटा काढला. झगा घडी करून त्यानं खुर्चीवर ठेवला. मग वकिलांच्या पुतण्यानं, हेमचंद्रनं, एकही शब्द न चुकता गरुडकेतू केला. दुसऱ्या अंकाला मांडवात गणपती आणि कार्यकारिणी उरली. मालिका तिथंच संपली आणि शालिकराम अकोल्याला सासऱ्याच्या मळ्यावर निघून गेला.

आता १९६६ साली गरुडकेतू पुन्हा आला, तो रंगवलेला, हलत्या चित्रांचा. मोठ्या सिनेमाच्या आधी दहा मिनिटं. अकोल्याच्या थेटरात लागल्याचं कळताच वकिलांनी गाडी पकडली, भाजीबाजारात शालिकरामला शोधून काढलं आणि त्याला व त्याच्या बायकोला, पार्बताबाईला, दुपारच्या खेळाला नेलं. हौस एवढीच, की शालिकरामनं एकदा आपल्या तोंडानं म्हणावं, साहेब, तुमचंच खरं होतं.

पडद्यावर जांभळा झगा दिसताच थेटर उसळलं. "आला बे, गरुड्या आला!" शिट्ट्या झाल्या. शालिकरामनं उगाच टोपी सारखी केली.

गरुडकेतूनं हात पसरले. थेटर एकदम चिडीचूप झालं, अर्धे लोक हसायला तोंड उघडून बसले. आणि तो उडाला. सरळ, सुबक, ढगापर्यंत.

"अडकला नाई?" मागून कोणी विचारलं.

"कागदाचा हाये तो. कायले अडकीन?"

मग खलनायक सुरा घेऊन आला. "मांगं पाय!" थेटर गरजलं. पण गरुडकेतू आधीच वळला होता. "थांब, नराधमा!" त्यानं बजावलं. उच्चार निर्दोष होता. पुढच्या वेळी थोडेच ओरडले. त्याच्या पुढच्या वेळी एकटाच एक म्हातारा ओरडला, तर त्याला त्याच्या म्हातारीनं गप्प केलं.

वकिलांच्या ध्यानात आलं, की आपण अजून दोरीकडे पाहतोय. पडद्यावर दोरी नव्हती.

दिवे लागले. कलेक्टरच्या भाषणाला वाजतात तशा टाळ्या वाजल्या.

"चांगलं होतं," पुढचा एकजण म्हणाला.

"हो. शिकन्यासारखं होतं," दुसरा म्हणाला. "पन आपली काई गरज नाई राह्यली त्याले."

मोठा सिनेमा सोडून तिघं बाहेर आले आणि टपरीवर चहाला थांबले. शालिकरामनं कपावर फुंकर घातली.

"साहेब, तुमचंच खरं होतं," तो म्हणाला. "असा पाह्यजे होता तुमाले. एक मानूस हसला नाई. मले नाई जमलं तसं."

नऊ वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे. हाती आल्यावर ते ठेवायचं कुठं, वकिलांना कळेना.

"मी सांगत होती त्याईले," पार्बताबाई हळूच म्हणाली. "इतके वर्स. लोकायचा जीव होता तुमच्यावर, म्हून हसत होते. मोठ्या मुश्किलीनं पटत आलं होतं, साहेब. आज सोताच्या डोयानं पाह्यलं त्याईनं, अन् गेलं सारं पान्यात."

"त्या बरोबर सांगतात, शालिकराम!" वकील घाईनं म्हणाले. "गरुडकेतूला पाहायला कोण येत होतं? लोक तुला पाहायला यायचे. आज मीसुद्धा आत बसून तू कुठं अडकतोस याचीच वाट पाहत होतो."

शालिकराम हसला. देवळातल्या पुजाऱ्यापुढं हसावं तसं, अदबीनं.

"मोठे मानसं तुमी. गरिबाचं मन राखता."

"मन राखत नाही रे! खरं सांगतोय."

"हो जी. वकील हाये तुमी. तुमाले सांगता येते."

"आईशप्पथ सांगतो!"

"राहू द्या, साहेब. शपथ कायले घेता?" त्यानं कप फळीवर ठेवला. "चाल वो, म्हशी दोयाच्या हायेत."

दोघं बाजाराच्या दिशेनं गेले. वकिलांच्या कितीतरी खोट्या गोष्टी कोर्टात भल्याभल्या न्यायाधीशांना पटल्या होत्या. ही एक खरी होती.

"दुसरा देऊ का जी?" टपरीवाल्यानं विचारलं. हातातला पहिला तसाच गार झाला होता.

"दे," वकील म्हणाले. परतीच्या बडनेऱ्याच्या गाडीला अजून पुष्कळ वेळ होता.