सामान थेट जातं

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, आयुष्यात दोनदा विमानात बसले होते. दोन्ही वेळा ऑफिसच्या कामासाठी, आणि दोन्ही वेळा तिकीट ऑफिसनेच काढलेलं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी विमानप्रवासाचं जे पांडित्य कमावलं होतं, ते एखाद्या वैमानिकालाही पेललं नसतं. कुठली खिडकी घ्यावी, कानाला दडे बसले तर काय करावं, हवाईसुंदरीशी कुठल्या सुरात बोलावं, सगळं ते जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांना ऐकवायचे. आम्ही बहिणी आपसात त्यांना 'सर्वज्ञ' म्हणतो. त्यांना हे ठाऊक आहे, आणि यात काही चेष्टा असेल अशी शंकाही त्यांना आजवर आलेली नाही.

ताई नर्स होती. सारी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर इतर बायका करतात तसलं काही न करता ती मैदानावर धनुर्विद्या शिकायला जाऊ लागली. हात मुळातच स्थिर, डोळा शाबूत, त्यात हट्टी. दोन-तीन वर्षांत ती अशी तयार झाली की ज्येष्ठांच्या एका परदेशातल्या स्पर्धेचं तिला बोलावणं आलं. भावोजी तोवर त्या प्रकाराला "हिचा वनवास" म्हणत होते. बोलावणं आल्याबरोबर ते तिचे व्यवस्थापक झाले. कुणी नेमलं, विचारू नका.

"तिकिटांचं मी बघतो," ते म्हणाले, आणि आमच्या घरात हे वाक्य म्हणजे शेवटचं वाक्य असतं.

ताईच्या प्रशिक्षिकेने बजावलं होतं, की धनुष्य विमानात हाताशी ठेवू देत नाहीत, ते सामानातच द्यावं लागतं, तेव्हा सबंध प्रवासाचं एकच तिकीट काढा. ताईने हा निरोप पोचवला. भावोजी हसले. "ती बाई बाण मारायला शिकवते. विमानात बसायला कधीपासून शिकवायला लागली?" आणि त्यांनी अर्ध्या वाटेपर्यंत एका कंपनीचं आणि तिथून पुढे दुसऱ्याच कंपनीचं अशी दोन वेगळी तिकिटं काढली. जाणकार लोक असंच करतात म्हणे. एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घेतात ते बावळट.

मला त्यांनी ताईच्या सोबतीला घेतलं, कारण ताईच्या लांबलचक पेटीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागणार होतं. आम्हा दोघींचे कपडे खांद्यावरच्या पिशव्यांतच मावले.

निघायच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने दोन्ही तिकिटं पाहिली आणि ती ताईकडे वळून म्हणाली, "पुढची कंपनी वेगळी आहे. आमचा त्यांच्याशी करार नाही. तुमचं सामान इथून फक्त मधल्या..."

"माहीत आहे, माहीत आहे," भावोजी म्हणाले. "चिठ्ठ्या लावा पटापट."

"सर, तिथे तुम्हाला स्वतः..."

"आम्ही काही आज पहिल्यांदा विमानात बसत नाही."

मुलीने एकवार ताईकडे पाहिलं, ताईने भावोजींकडे. भावोजी पट्ट्यावरून आत जाणाऱ्या त्यांच्या चॉकलेटी सुटकेसकडे कौतुकाने बघत होते. मुलीने खांदे उडवले, सामानाच्या पावत्या पुढे केल्या. भावोजींनी त्या गळ्यातल्या पाकिटात कोंबून चेन ओढली.

"ती काहीतरी सांगत होती हो," मी म्हटलं.

"पोपट असतात ते, मेहुणीबाई. पढवलेलं बोलतात. सामान थेट जातं. शेवटच्या ठिकाणी पट्ट्यावर आपली वाट बघत बसलेलं असतं. आपण फक्त आपला जीव घेऊन जायचं."

मधल्या विमानतळावर उतरल्यावर दोन पाट्या होत्या. एक सामानाकडे आणि बाहेर जाण्याची, दुसरी पुढच्या विमानाकडे. भावोजी नवरदेवासारखे दुसऱ्या पाटीकडे निघाले, मागे आम्ही दोघी वऱ्हाड. पुढच्या कंपनीच्या टेबलाशी एक केस आवळून बांधलेली बाई बसली होती. तिने पासपोर्ट घेतले, तिकिटं घेतली आणि विचारलं, "सामान?"

"ते आलंय मागून. थेट."

"पावत्या दाखवा."

भावोजींना ते पाकीट उघडणंही अपमानास्पद वाटलं. बाईने पावत्यांवर एक नजर टाकली आणि पासपोर्टांसकट सगळे कागद परत केले; भावोजींनी ते पाकिटात कोंबले. "हे सामान इथपर्यंतच आहे. खाली पट्ट्यावर फिरत असेल. पासपोर्टवर शिक्का मारून बाहेर जा, सामान घ्या, कस्टम्समधून या आणि वर आमच्या काउंटरवर पुन्हा द्या. लवकर करा, काउंटर बंद होतो."

"पण आम्हाला या देशात जायचंच नाही!" भावोजी म्हणाले.

"तुमच्या सामानाला मात्र आणलंय तुम्ही."

मला ती बाई तत्क्षणी आवडली.

भावोजींना नाही आवडली. त्यांनी आवाज चढवला. सामान पुढे नेणं ही कंपनीची जबाबदारी असते, असं ते तिला समजावू लागले. ती म्हणाली, आमच्याकडे तुमचं सामान कुणी दिलेलंच नाही, तर नेऊ काय? ते तरातरा पहिल्या कंपनीच्या टेबलाशी गेले. तिथला जाडा कारकून मोबाईलवरून डोळे न काढता म्हणाला, "आम्ही इथपर्यंत आणलं. आमचं काम संपलं. पुढचं त्यांना विचारा." त्यांनी पुन्हा केस बांधलेलीला विचारलं. तिने पुन्हा जाड्याकडे बोट केलं. दोघांच्या मध्ये आमचे सर्वज्ञ घड्याळाच्या लंबकासारखे हेलकावे खात होते आणि प्रत्येक हेलकाव्याला त्यांचा आवाज एक पट्टी वर जात होता. आजूबाजूचे प्रवासी पेपर खाली करून बघू लागले.

"अहो," ताई म्हणाली, "रांग मोठी आहे खाली. जाऊन घेऊन येऊ या ना सामान."

"मुळीच नाही! आज आपण वाकलो की हे उद्या दुसऱ्याला वाकवतील. मी यांच्या साहेबाला बोलावतो. तू बस तिकडे."

ताई बसली नाही. ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहून तिने मोठमोठे डॉक्टर रागाने हत्यारं आपटताना पाहिले होते, आणि त्या वेळी काय करायचं असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने भावोजींच्या गळ्यातलं पाकीट उघडलं, स्वतःची पावती, आम्हा दोघींचे पासपोर्ट आणि तिकिटं काढून घेतली आणि चेन परत लावली. ते साहेबाची मागणी करण्यात इतके गुंतले होते, की गळ्याशी कोण चाचपतंय हेही त्यांना कळलं नाही.

"चल," ती मला म्हणाली.

शिक्क्याच्या रांगेत आम्ही उभ्या राहिलो. ताईचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सारखा फिरत होता, बाण सोडायच्या आधी फिरतो तसा. खिडकीतल्या पोऱ्याने "कशासाठी?" विचारलं, ताई म्हणाली, "माझं धनुष्य खाली राहिलंय." त्याने तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, शिक्का मारला.

लांबड्या सामानाचा दरवाजा वेगळा होता. पेटी तिथे भिंतीला टेकवून ठेवलेली. ताईने तिथल्या तिथे जमिनीवर गुडघे टेकून ती उघडली, धनुष्याच्या दोन्ही पात्यांवरून हात फिरवला, बाण मोजले, झाकण लावलं. मग जाता जाता मुख्य पट्टा लागला. त्यावर एकच नग उरला होता. चॉकलेटी सुटकेस, मुठीला लाल फीत बांधलेली. गरागरा फिरत होती बिचारी.

मी हात पुढे केला.

"राहू दे," ताई म्हणाली.

"अगं, पण त्यांची..."

"थेट जाते ना ती? मग जाईल."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. रागाचा मागमूस नव्हता. सलाईन लावताना जसा तिचा चेहरा असायचा तसा, शांत आणि कामात.

"गोळ्या?" मी विचारलं. भावोजींना रक्तदाबाचा त्रास आहे.

"माझ्या पर्समध्ये आहेत. त्यांच्या बॅगेत नुसते कपडे आणि तीन प्रकारची अत्तरं आहेत." सुटकेस आमच्या समोरून वळली आणि रबरी झालरीआड गेली. "उचल ते टोक."

कस्टम्सवाल्याने पेटी उघडायला लावली. दोन म्हाताऱ्या बायका आणि शस्त्र, त्याची काही संगती लागेना. ताईने स्पर्धेचं पत्र दाखवलं. त्याने विचारलं, "नेम लागतो?" ताई म्हणाली, "विमान मिळालं तर सांगते." त्याने आम्हाला सोडलं. वरच्या काउंटरवर मुलगा पडदा ओढायच्या बेतात होता. मी खोटं कशाला बोलू, मी पेटीचं माझं टोक सरळ त्याच्या काउंटरवर आपटलं. त्याने मुकाट्याने नवी चिठ्ठी लावली. ताईने ती चिठ्ठी दोनदा वाचली, त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली, मगच पेटी आत जाऊ दिली.

विमानाच्या दाराशी भावोजी आमच्याआधी हजर होते, लढाई जिंकून आल्यासारखे. त्यांना साहेब भेटला होता. साहेबाने बहुधा त्यांना पाणी दिलं होतं आणि "बघतो" म्हटलं होतं.

"कुठे भटकत होता दोघी? काम झालं. असा दम दिला त्याला! म्हणाला, सर, काळजी करू नका. सामान चढवलं."

"बरं झालं," ताई म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला खोकल्याची उबळ आली होती.

शेवटच्या ठिकाणी लांबडी पेटी आली. ताईने ती घेतली आणि ट्रॉलीवर चढवली. पट्टा रिकामा झाला, दिवे मंद झाले, सफाईवाले आले. भावोजी तिथेच उभे.

"माझी कशी नाही आली? तुझी कशी आली?"

"आपोआप," ताई म्हणाली.

त्यानंतरचे चार दिवस भावोजींनी आयोजकांनी वाटलेल्या फुकट बनियनवजा शर्टात काढले. शर्ट पिवळा होता, पोटावर निशाण्याची लाल-निळी वर्तुळं छापलेली. प्रेक्षकांत ते दुरूनही दिसत. दोन्ही कंपन्यांना त्यांनी रोज फोन लावले. एक म्हणे, सामान आम्ही पोचवलं, तुम्ही उचललं नाही. दुसरी म्हणे, आम्हाला मिळालंच नाही. दोघीही खरं बोलत होत्या, आणि भावोजींना खरं ऐकायची सवय नव्हती.

ताई पहिली फेरी जिंकली. दुसऱ्या फेरीत तिची गाठ तिच्याहून वयाने मोठ्या, काठी टेकत आलेल्या एका बाईशी पडली. ती बाई काठी बाजूला ठेवायची, धनुष्य उचलायची आणि निशाण्याच्या मधल्या पिवळ्यात बाण रोवून पुन्हा काठी घ्यायची. ताई हरली. अगदी थोडक्यात नाही, चांगली हरली. संध्याकाळी त्या दोघी बाकावर बसून हातवारे करत काय काय बोलत होत्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. ताईला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"वाऱ्याचा अंदाज घ्यायला हवा होतास," भावोजी मागून म्हणाले. पोटावरची वर्तुळं ताणली गेली होती. "मी सांगणारच होतो."

"सांगायचं का त्यांना, बॅगेचं?" रात्रीच्या जेवणाला मी ताईला विचारलं.

"विचारलं तर सांगेन," ती म्हणाली. त्यांनी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर त्यांना शिक्क्याच्या रांगेत उभं राहावं लागलं, मग हरवलेल्या सामानाच्या खोलीत. सुटकेस मिळाली. लाल फीत तशीच. पुढच्या विमानात त्यांच्या शेजारी एक नवपरिणीत जोडपं होतं, त्या मधल्या गावचंच, आमच्या शहरात विमान बदलून पहिल्यांदाच परदेशी निघालेलं. भावोजींनी त्यांना विमान वर चढायच्या आधीच ताब्यात घेतलं.

"दोन कंपन्या असल्या की सामान स्वतः उचलायचं असतं," ते त्यांना समजावत होते. "साधी गोष्ट आहे. पण लोक विचारतच नाहीत हो! वाटतं, आपोआप जाईल. आता तुमचं तिकीट बघू. हां, तुमचंही उचलावं लागणार."

त्या दोघांचं सबंध प्रवासाचं तिकीट एकच होतं, मला माझ्या जागेवरून दिसत होतं. त्यातली पोरगी घाबरून नवऱ्याचा हात धरत होती. मी पुढे वाकून म्हटलं, "काउंटरवर एकदा विचारून घ्या हं."

भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या घरचं मीठ खाऊन उलटले होते. ताईने डोळ्यांवर पट्टी ओढली आणि ती झोपून गेली.