न मारलेलं औषध

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पितळी टाकी, पाठीला अडकवायचे दोन पट्टे आणि हाताने चालवायचा दांडा, एवढाच माझा संसार. मला ठोकून घडवणारा कारागीर म्हणाला होता, "हा गळणार नाही." माणसांबद्दल एवढी खात्री कुणी देत नाही!

मी एका लहानशा द्राक्षबागेत आलो. मालकांच्या पाठीवर बसून वेलींवर कीडनाशक उडवू लागलो. माणसे त्याला लाडाने 'औषध' म्हणतात. किडा दिसला, मार औषध. शेजाऱ्याने मारले, मग आपण का मागे? मार औषध! "पंप असावा तर असा," हे ऐकून मी फुगून जाई.

पुढे आमची द्राक्षे परदेशी जाऊ लागली. तपासणीत त्यांच्यावर औषधाचा अंश सापडला आणि सगळा माल नाकारला गेला. मालकीणबाई म्हणाल्या, "औषध देतात हो आजाऱ्याला. तुम्ही तर ते मारता!" मालकांनी मला खुंटीला टांगले. कीड खाणाऱ्या किड्यांना आसरा मिळावा म्हणून वेलींच्या ओळींमध्ये गवत राहू दिले. पिठ्या ढेकूण नावाची कीड खाणारे इवले ढालकिडे मालकीणबाईंनी आणून बागेत सोडले. मी कोळ्याच्या जाळ्यात रुसून बसलो. किड्यांनी माझी नोकरीच खाल्ली होती!

यंदा तोडणी तोंडावर आली, तपासणीवाले यायचे होते, आणि मालक धापा टाकत आत आले. घडांवर पांढरे, कापसासारखे किडे दिसत होते. त्यांनी मला खाली उतरवले, औषधाची बाटली काढली. मी आनंदाने शहारलो.

मालकीणबाई दारातच आडव्या आल्या. "अहो, आधी नीट बघा तरी!"

"बघत बसू? बाग जाईल!"

"आणि मारलंत तर माल जाईल. चला माझ्याबरोबर."

मला पाठीवर तसेच रिकामे घेऊन मालक वेलीपाशी वाकले. एक पांढरा किडा तुरुतुरु चालत दुसऱ्या पांढऱ्या किड्यापाशी गेला आणि त्याला खाऊ लागला.

"हा कोण?"

"आपल्या ढालकिड्याचं पोर. दिसतं ढेकणासारखं, पण खातं ढेकणालाच. चोर समजून जावयाला काठी घालत होतात!"

"जावयाने तरी असा वेष करून यावं का?" मालक पुटपुटले. पण बाटली बंदच राहिली.

ते रोज सकाळी पाने उलटून बघत. घडांवरचा कापूस हळूहळू ओसरला. तपासणीत औषधाचा मागमूसही सापडला नाही. पेट्या भरून गाडी निघाली, तेव्हा मालकांनी माझ्यावरची धूळ पुसली. "बरं झालं बाबा, तू गप्प राहिलास!" जन्मभर राबून मिळाले नाही एवढे कौतुक मला गप्प राहून मिळाले.

मित्रांनो, दांडा हाताशी आहे म्हणून तो हलवायलाच हवा असे नाही. आधी पान उलटा आणि बघा, कोण कोणाला खातो आहे.