गुळाचे बूच

मित्रांनो, इंझोरीजवळ अडाण नदीच्या घाटावर पालथी पडलेली जुनी नाव तुम्ही पाहिली असेल. ती मी. पोरे माझ्या पाठीवर नाचतात, बकऱ्या आडोशाला बसतात. बसू देत बापड्या! पण येणारा-जाणारा बोट दाखवून "हीच ती खुनी नाव" म्हणतो ना, ते मात्र माझ्याने ऐकवत नाही. म्हणून आज सगळे सांगून टाकते.

मला उत्तमरावांनी घडवले. साल एकोणीसशे अठरा. सागवानाच्या फळ्या त्यांनी स्वतः तासल्या, सांध्यांत कापूस आणि राळ ठासली, दर उन्हाळ्यात मला जवसाचे तेल पाजले. तेल चोळताना ते माझ्याशी बोलत. खोटे कशाला सांगू, त्यांचा हात लागला की माहेरी आल्यासारखे वाटे. नावेचा हक्क मात्र त्यांचे थोरले भाऊ पुंजाजी यांचा. त्यांचा एक पाय लुळा, पोहता येत नसे. ते पुढच्या फळीवर बसून नुसत्या तोंडाने नाव चालवत! बांबू रेटायला होता हेमला, जवळच्या तांड्यावरचा लमाण गडी.

आठ वर्षे मी मान मोडून काम केले. वांग्या-मेथीच्या पाट्या, लग्नाची वऱ्हाडे, बाळंतिणी, सगळ्यांना पार नेले. गोजराबाई माळीण उतरताना माझ्यावर थाप मारून म्हणे, "मोठी गुनाची हाय व माय!" मग माझा दिवस कसा मजेत जाई.

एका पुरात माझा दोर तुटला. उत्तमराव काठावर हात चोळत उभे राहिले. हेमलाने मात्र उडी टाकली आणि मैलभर खाली मला गाठून परत आणले. पुंजाजींच्या ते मनात राहिले. कार्तिकात एका संध्याकाळी घाटावर ते भावाला म्हणाले, "उत्तम, उद्या रोडग्याच्या पंगतीत नाव हेमलाच्या हवाली करतो. मायाच्यानं आता होत नाही."

"दादा, घडवली मी, अन् देता त्याले?"

"तू घडवली. पन पुरात तिच्यामागं कोन गेलं?"

उत्तमरावांनी माझा दोर खुंटीला आवळला आणि घरची वाट धरली. मला वाटले, पटले बिचाऱ्यांना. किती भोळी मी!

रोडग्यांचे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचे, जेवण दरवर्षी वरच्या डोहापलीकडे, मारुतीच्या पारावर असे. मंडळींना डोहातून सैर घडवत मी तिकडे नेई. त्या दिवशी उजाडताच उत्तमराव एकटेच आले. मी काठावर होते. त्यांनी गिरमिट काढले आणि माझ्या तळाला दोन भोके पाडली. मित्रांनो, तेच हात! भोकांत त्यांनी गुळाचे खडे गिरमिटाच्या टोकाने दाबून बसवले, वरून जरा राळ फासली आणि मला पाण्यात ढकलले. मी ओरडू शकत असते तर सारे इंझोरी जागे केले असते.

पोरांना त्यांनी बैलगाडीने पुढे धाडले. नावेत मोठी माणसेच बसली, सगळी नदीकाठची, पोहणारी. एक पुंजाजी सोडून. डोहाच्या मध्यावर गूळ विरघळला आणि पाणी आत शिरले. मी कलंडले. पुंजाजी हाका मारत होते, "उत्तम, हात दे रे!" उत्तमराव त्यांच्या शेजारून पोहत काठाला गेले. हेमलाने बुडी मारून पुंजाजींना वर आणले, पण तोवर जीव गेला होता.

मला ओढत घाटावर आणले. भोके दिसताच उत्तमराव छाती बडवत ओरडले, "राळ यानंच लावली होती परवा! याले नाव हडपायची होती!" राळ हेमलानेच लावली होती, हे सगळ्यांनी पाहिले होते. लोकांनी त्याला बाभळीला बांधले आणि शिपायाला आणायला माणूस मानोऱ्याला पिटाळला.

"मी कायले मारीन मालकाले?" हेमला रडत होता. तांड्यावरच्या माणसाचे ऐकतो कोण! आता त्याला फासावर देणार, आणि खरे काय ते फक्त मला ठाऊक.

गोजराबाई तेवढी माझ्यापाशी बसून होती. उन्हे कलताना ती एकदम वाकली. "अवो, मुंगळे काहून लागले इथं?" एक भोक मोकळे होते, दुसऱ्यात गूळ निम्मा तसाच राहिला होता. तिने बोट लावून चाखले. "गूळ! राळेच्या जागी गूळ!"

मुंगळ्यांची दुसरी रांग घाटावरच्या निंबावर चढत होती. तिथे उत्तमरावांची हत्यारांची पिशवी टांगलेली असे. बाईने सर्वांसमोर ती उपडी केली. गिरमिटाचे टोक मुंगळ्यांनी काळे झाले होते. तिने ते भोकात घातले, नेमके बसले.

"उत्तमराव, पोरायले आजच गाडीनं काहून धाडलं तुमी?"

उत्तमराव ओरडले, "माई नाव होती ते! माया हाताची! दादानं परक्याले देऊन टाकली!"

"मंग तिलेच भोकं पाडली?" गोजराबाई म्हणाली.

"लाकूडच ते. लाकडाले काय समजते?"

मित्रांनो, गिरमिट इतके खोल गेले नव्हते.

हेमलाला सोडले, उत्तमरावांना शिपाई घेऊन गेला. पंचांनी नाव हेमलालाच दिली. त्याने माझी भोके सागाच्या खुंट्यांनी बुजवली, इतकी पक्की की थेंब शिरत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो घाटावर हाका मारू लागला. लोक यायचे, माझा तळ निरखायचे आणि दोन कोस चालून, पायी नदी ओलांडता येते त्या उताराकडे जायचे. गोजराबाईसुद्धा पाटी डोक्यावर तशीच घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हेमला, तुयावर भरवसा हाय बाप्पा. पन पाय उचलत नाही." मग एके दिवशी हेमलाने बाजाराला नेण्यासाठी आपले पोरगे माझ्यात बसवले, मी हरखले, आणि त्याने क्षणभर थांबून ते पुन्हा कडेवर घेतले. मग त्याने मला पालथी घातली.

मित्रांनो, तुमच्यावर कुणी निर्धास्त विसंबले असेल, तर त्याला दगा देऊ नका. दगा देणारा निघून जातो, संशय मात्र दुसऱ्याच्याच माथी राहतो. मला नवे तेल नको, रंग नको, कुणी हळहळायलाही नको. मी आजही गळत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी एकदा मला सुलटी करा, आणि तळ न तपासता माझ्यात बसा.