पुडीतल्या अकरा बिया

मित्रांनो, जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्याने टाचलेली मी एक वाळलेली वनस्पती आहे. तंजावरच्या एका महाविद्यालयातील लोखंडी कपाटात माझी चाळीस वर्षे गेली. सरळ बसा आणि ऐका. हे सांगायला माझ्या जातीतले दुसरे कोणी उरलेले नाही.

ओरत्तनाडुजवळच्या एका तळ्याकाठी मी उगवले. वीतभर उंची, निळी फुले, पायाशी कालव्याने आणलेला कावेरीचा गाळ. एका मार्गशीर्षात वसुमतीबाई तेथे आल्या. खांद्याला पत्र्याचा डबा, काखेत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. त्या वनस्पतिशास्त्र शिकवीत. वीस रोपे दिसली तरच एक घ्यावे, हा नियम त्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेत. त्या दिवशी त्यांनी सारा काठ पालथा घातला. मी एकटीच होते.

तरीही त्यांनी खुरपे काढले.

शेळ्या चारणारी एक म्हातारी बांधावरून म्हणाली, "अम्मा, आमची शेळीसुद्धा मूळ ठेवून खाते."

"पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवेल, पाट्टी," असे त्या आजीला सांगून बाईंनी मला मुळासकट उचलले.

त्यांची माया खोटी नव्हती. रोज कागद बदलून त्यांनी मला दाबून वाळवले, एकेक पाकळी सुईच्या टोकाने सरळ केली. कीड लागू नये म्हणून, त्या काळच्या रीतीप्रमाणे, पाऱ्याच्या विषारी पाण्यात दोनदा बुडवले. नंतर गळलेल्या बिया कागदी पुडीत घालून माझ्याशेजारी चिकटवल्या. चिठ्ठीवर गाव आणि तारीख लिहिली. संख्येपुढे मात्र लिहिले, 'तुरळक'.

दूरदूरचे विद्वान भिंग घेऊन मला पाहायला आले. इतका देखणा नमुना पाहिला नव्हता, म्हणाले. मला अभिमान वाटे. खोटे कशाला सांगू? पुढे बाई निवृत्त झाल्या आणि कपाट कोणी उघडेनासे झाले. शेजारच्या कागदांवर कसर पोसली. दोनदा विष प्यायलेल्या मला तिने तोंड लावले नाही.

यंदा बाईंची भाची नंदिता मला घेऊन त्यांच्या घरी आली. ती आता त्याच महाविद्यालयात शिकवते.

"आत्या, चार पावसाळे शोधले. तळे बुजवून तिथे प्लॉट पाडलेत. आसपासही एक रोप नाही. पण पुडीत अकरा बिया आहेत. पेरू या?"

बाईंनी पुडी उजेडात धरून पाहिली. "पेर," त्या म्हणाल्या.

कुंडीत कालव्याचा गाळ भरला. रोज सकाळी, कॉफीच्याही आधी, बाई स्वतः पाणी शिंपडीत. दीड महिना गेला. शेवाळ आले, गवत आले. माझ्या जातीचे काही आले नाही.

"बिया जुन्या होत्या, आत्या. तुमचा काय दोष?"

"कीड मारायला तुम्ही आता नमुने थंड पेटीत ठेवता. आम्ही विषात बुडवत असू. या बियाही त्यातूनच निघाल्या. पेरतानाच मला ठाऊक होते."

"मग रोज पाणी कशाला घातलेत?"

"एखादी वाचली असेल, असे वाटे. पेन आण."

जुनी चिठ्ठी खोडायची नसते. तिच्याखाली नवी लावतात. बाईंनी लिहिले, 'संख्या एक. मुळासकट घेतले.' खाली सही केली, त्या दिवसाची तारीख घातली.

कुंडी त्यांनी अजून रिकामी करू दिलेली नाही.

मित्रांनो, काठावर एकटे रोप दिसले, तर त्याच्याजवळ बसा. त्याचे चित्र काढा, जागा लिहून ठेवा. मग हात मागे बांधा आणि घरी जा.